डाव्या कोपऱ्यातली सर्व्हिस

अभयने रॅकेट डोक्यावर उंच धरली आणि बॉल मागच्या भिंतीवर आपटून लोळत परत येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

"स्क्रीन," तो म्हणाला.

निशिकांतने वळून पाहिलं. बॉल उचलून त्याने पुन्हा सर्व्हिस केली, या वेळी उजव्या कोपऱ्यात. अभयने ती अशी परतवली की निशिकांतला जागचं हलायलाही वेळ मिळाला नाही. पुढची सर्व्हिस त्याने परत डावीकडे टाकली आणि अभयची रॅकेट पुन्हा वर गेली.

रॅकेटबॉलमध्ये सर्व्हिस करणाऱ्याच्या अंगाला लगटून बॉल मागे गेला आणि समोरच्याला तो दिसलाच नाही, तर त्याने हात वर करून 'स्क्रीन' म्हणायचं असतं. मग सर्व्हिस पुन्हा होते. पंच नसला की दिसलं का नाही दिसलं हे घेणारा सांगेल तेच खरं धरायचं आणि सर्व्हिस करणाऱ्याने हुज्जत घालायची नाही, अशी या दोघांची रीत होती. ती निशिकांतनेच घालून दिली होती. कंपनीने अमेरिकेत पाठवलं असताना तो हा खेळ शिकला. सिंगापूरला बदली झाली तेव्हा दोन रॅकेटी आणि निळ्या रबरी बॉलचे डबे बरोबर घेऊन आला आणि गणपतीच्या आरतीला ओळख झालेल्या अभयला त्याने खेळाला जुंपलं. अभयच्या बिशानच्या कॉन्डोत, म्हणजे खाजगी सोसायटीत, स्क्वॉशचं एक कोर्ट रिकामं पडलेलं असायचं. या खेळाला ते जरा अरुंदच होतं, पण दोघांनी जमिनीवर रंगीत टेप चिकटवून आपल्या रेषा आखून घेतल्या. तेव्हापासून अभय जहाजावरून घरी आलेला असला की शनिवारची सकाळ इथेच जायची. इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणी 'स्क्रीन' म्हटल्याचं निशिकांतला आठवत नव्हतं. आज अभयच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता.

"चष्म्यावर वाफ धरली असेल," निशिकांतने सुचवून पाहिलं.

अभयने खेळायचा चष्मा काढून दाराशी ठेवला. त्यानंतरही डाव्या कोपऱ्यातली प्रत्येक सर्व्हिस स्क्रीनच निघाली. जी एखादी नव्हती, ती त्याने रॅकेटच्या कडेने मारली आणि बॉल छताकडे उडाला. तेव्हा त्याने तारांवर नख वाजवून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"गटिंग नीट बसलेलं नाही रे. सैल आहे."

हे निशिकांतच्या जिव्हारी लागलं. त्याच्या खेळाला कोणी नावं ठेवली असती तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण त्याने ओढलेल्या तारांना, त्याच्या गटिंगला, आजवर कोणी बोट ठेवलेलं नव्हतं.

या बेटावरची हवा तारांची वैरी आहे, हे निशिकांतचं लाडकं वाक्य होतं आणि ते तो पाहुण्यांनाही ऐकवत असे. नायलॉनच्या तारा दमट हवा पितात आणि सैल पडतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत एक दुपार काढली की त्यांचा जीवच जातो. घाम न पुसता रॅकेट कव्हरमध्ये कोंबली, तर दोष पुन्हा हवेला द्यायचा नाही. पुंगोलच्या त्याच्या फ्लॅटमध्ये, तिथल्या इतर नव्या फ्लॅटमध्ये असते तशी, जाड लोखंडी दाराची एक बिनखिडकीची खोली होती. बॉम्ब पडले तर कुटुंबाने आत बसावं म्हणून सरकारने बांधलेली. शेजारपाजारचे लोक तिथे तांदळाची पोती आणि जुने पंखे ठेवत. निशिकांतने तिथे गटिंगचं मशीन बसवलं होतं आणि हौशी फोटोग्राफर लेन्सना बुरशी लागू नये म्हणून घेतात तसलं काचेच्या दाराचं ड्राय कॅबिनेट. त्याची बायको सुलेखा म्हणायची, युद्ध झालंच तर आधी रॅकेटी वाचतील, जागा उरली तर आपण.

अभय या सगळ्याची थट्टा करायचा, पण जहाजावर जाताना आपली रॅकेट मात्र निशिकांतच्याच हवाली करून जायचा. तो महिनोन्महिने समुद्रावर असला की ती कॅबिनेटमध्ये मोजक्या ओलाव्यात विसावायची. तो परत येणार असं कळलं की निशिकांत जुन्या तारा कापून नव्या ओढायचा आणि पहिल्या शनिवारी ताजी रॅकेट त्याच्या हातात द्यायचा. दोघांपैकी कोणीही याला मैत्री वगैरे म्हटलं नसतं, पण ती तीच होती.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पंधरा साली, सुमात्रातल्या जळत्या रानांच्या धुराने सप्टेंबरपासून आकाश झाकून टाकलं होतं. लोक तोंडाला मास्क लावून हिंडत होते, ज्याचे त्याचे डोळे चुरचुरत होते. अशा हवेत निशिकांतने अभयच्या रॅकेटची दुप्पट काळजी घेतली होती. आणि हा म्हणतो सैल.

खेळ संपल्यावर दोघे नेहमीसारखे खायच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरला गेले. वाटेत अभयला डाव्या बाजूने येणाऱ्या एका बाईचा धक्का लागला आणि त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिनेच माफी मागितली. लोकांना हल्ली चालायची अक्कल राहिलेली नाही, असं तो पुढचा सिग्नल येईपर्यंत सांगत होता. टेबलावर डोसा आल्यावर तो स्टॉलवाल्यावर उखडला, चटणी का दिली नाही म्हणून. चटणीची वाटी त्याच्याच डाव्या कोपरापाशी होती. निशिकांतने ती उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याला वाटलं, आता हा ओशाळं हसेल, पण अभय हसला नाही. वाटीकडे पाहत म्हणाला,

"मी नसताना कोणी खेळलं का रे माझ्या रॅकेटवर?"

"कोण खेळणार?"

"विचारलं आपलं."

विचारलं आपलं! निशिकांतने तो प्रश्न कॉफीबरोबर गिळला, पण तो काही खाली उतरला नाही.

निशिकांत वन-नॉर्थच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर होता. दुसऱ्याने 'चालतंय' म्हटलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवण्याचा पगार त्याला मिळत होता, आणि इतक्या वर्षांत ती सवय ऑफिसात ठेवून घरी यायचं तो विसरूनच गेला होता. त्याच्या मनात एकदा पाल चुकचुकली की ती रात्रंदिवस चुकचुकत राही. एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभ्या उभ्या त्याने अभयचं प्रकरण मांडून पाहिलं. अभयला नुकतीच मोठी संधी मिळाली होती. इतकी वर्षं सेकंड इंजिनीअर म्हणून काढल्यावर, वशिल्याची पोरं पुढे जाताना पाहिल्यावर, आता त्याला एका गॅसवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर म्हणून बोलावलं होतं. येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी त्याचं विमान होतं. म्हणजे डोक्यात हवा गेली, हा एक पर्याय. जुन्या मित्राशी भांडण उकरून काढून शनिवारच्या कटकटीतून मोकळं व्हायचं, हा दुसरा. आणि हरायला नको म्हणून स्क्रीन स्क्रीन करत बसायचं, हा तिसरा, सगळ्यांत हलका आणि म्हणूनच निशिकांतला सगळ्यांत पटलेला.

अभयची रॅकेट तो बरोबर घेऊन आला होता, पुन्हा गटिंग करून देतो असं सांगून. लोखंडी दाराच्या खोलीत दिव्याखाली धरून त्याने ती तपासली. तारा हव्या तशा ताठ होत्या, एकही सैल नव्हती. पण निळा बॉल जिथे लागतो तिथे निळसर डाग सोडतो आणि तो डाग तारांच्या मध्यावर अगदी फिका होता. फ्रेमच्या कडेवर मात्र निळे ओरखडेच ओरखडे, तेही बॅकहँडला पुढे येणाऱ्या अंगाला. इतका सफाईदार खेळणारा माणूस कडेने मारतोच कसा? मुद्दाम, असं उत्तर निशिकांतच्या मनाने लगेच दिलं. खराब मारायचं आणि खापर गटिंगवर फोडायचं.

सुलेखा दारात येऊन उभी राहिली. अभयच्या बायकोचा, विनीताचा फोन आला होता म्हणाली. अभय घरीही सारखा चिडतोय, कोणी बाजूला येऊन उभं राहिलं तरी दचकतो. जहाजावर एकदा त्याचं डोकं इतकं दुखलं होतं की त्याला उलटी झाली, इंजिनरूममधल्या उष्णतेने असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. विनीताला वाटतं, नव्या जबाबदारीचं दडपण आलंय.

"दडपण नाही, माज आलाय," निशिकांत म्हणाला.

"अरे, मित्र आहे तुझा."

"म्हणूनच बोलतोय."

बाहेरच्या खोलीतून गार्गीने, हातातलं पुस्तक खाली न ठेवता, "बाबा, इट्स जस्ट अ गेम, लाह," असं सुनावलं. तिच्या बापाला या जगात नुसता खेळ असं काही माहीत नव्हतं.

त्याने गटिंग केलं नाही. ओल्या फडक्याने फ्रेमवरचे निळे ओरखडे पुसले, तारा तशाच ठेवल्या आणि रॅकेट कॅबिनेटमध्ये ठेवून दिली. हा त्याच्या सापळ्याचा पहिला भाग होता. आपण मित्राला खोटं सांगणार आहोत, हे त्याला कळत होतं. पण टेस्टिंगमध्ये त्याला खोटं म्हणत नाहीत.

शनिवारी धूर इतका दाट होता की कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावावरही कोणी नव्हतं. कोर्टाच्या भिंतींना घाम आला होता. अभयने रॅकेट घेतली, तारांवर नख वाजवलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"हां, हे बघ. आता कशी बोलतेय."

तेच गटिंग, त्याच तारा. निशिकांतला आतून कडवट आनंद झाला. एक खोटं तर इथेच पकडलं गेलं. मेडिकल वगैरे झालं का, त्याने सहज आवाजात विचारलं. झालं, अभय म्हणाला, बुधवारीच. समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, रंगही ओळखले, डॉक्टर म्हणाला नजर तरुणाची आहे. बॅगही भरून तयार होती. विनीताने मेथीचे लाडू केले होते, त्यातला एक डबा निशिकांतच्या घरी न्यायचा होता.

खेळ सुरू झाला. उजवीकडचे फटके अभय पूर्वीसारखेच मारत होता, बेदरकार आणि देखणे. निशिकांतने थोडा वेळ त्याला उजवीकडेच खेळवलं. मग सर्व्हिसची पाळी आली तेव्हा तो सरकत सरकत उजव्या भिंतीला जवळजवळ चिकटून उभा राहिला. त्याच्या आणि डाव्या कोपऱ्याच्या मध्ये अख्खं कोर्ट मोकळं होतं. इथून बॉल त्याच्या अंगाआड जाणं देवालाही शक्य नव्हतं. त्याने जोर न लावता, लहान मुलाला झेल द्यावा तसा, उंच, संथ बॉल समोरच्या भिंतीवर मारला. बॉल वरून फिरून, सगळ्यांना दिसेल असा, डाव्या कोपऱ्यात उतरला आणि टप्पा घेऊन थांबला.

अभय हलला नव्हता. तो निशिकांतकडे पाहत होता. मग त्याची रॅकेट वर गेली.

"स्क्रीन."

"मी कुठे उभा आहे बघ," निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज चढला होता आणि तो त्याला आवडतही होता. "बघ नीट. भिंतीला टेकून उभा आहे मी. कसली स्क्रीन?"

"मला बॉल दिसला नाही."

"अख्ख्या कोर्टाला दिसला."

"निशी, मला दिसला नाही." अभयने रॅकेट खाली सोडली. मनगटाच्या दोरीला ती लोंबत राहिली. "तू काय करतोस ते मला कळत नाही. मागच्या शनिवारपासून मी पाहतोय. तुझा हात वर जातो, समोर आवाज होतो, आणि बॉल नसतोच. एकदम मागे आपटल्याचं ऐकू येतं. आपण इतकी वर्षं खेळतोय, तू असं कधी केलं नव्हतंस."

"मी केलं?"

"मग कोणी? इथे दुसरं आहे कोण?"

निशिकांतकडे उत्तर तयार होतं. स्क्रीनचं, गटिंगचं, फ्रेमवरच्या डागांचं, सगळं ओळीने मांडलेलं. तो ते बोलायला पुढे आला आणि अभयचा चेहरा पाहून थबकला. तिथे चोरी पकडली गेल्याची खूण नव्हती. राग होता, आणि रागाखाली, आपल्या माणसाने फसवल्यावर माणूस दिसतो तसं काहीतरी होतं. निशिकांतने ऑफिसात खूप थापा ऐकल्या होत्या. ही थाप नव्हती.

"हे बघ," अभय म्हणाला. तो टॉवेलने तोंड पुसत होता, लागेल त्यापेक्षा जास्त वेळ. "मंगळवारी मी निघालो. चार-सहा महिने तोंड दिसणार नाही. असलं काही मनात घेऊन मला जहाजावर चढायचं नाहीये. तू नुसतं कबूल कर. हो, केली थोडी लबाडी, एवढंच म्हण. मी विसरलो. वर जाऊ, लाडू खाऊ."

किती सोपं होतं ते. एक 'हो' म्हणायचा. अभय पाठीवर थाप मारेल, मंगळवारी विमानात बसेल, आयुष्यभर वाट पाहिलेलं जहाज त्याला मिळेल. निशिकांतच्या तोंडाशी 'हो' आलाही होता. पण चटणीची वाटी डोळ्यांपुढून हलेना. ती डावीकडे होती. धक्का लागलेली बाईही डावीकडूनच आली होती. आणि फ्रेमवरचे ते सगळे ओरखडे डावीकडच्या फटक्यांचे होते, हे त्याला दिव्याखाली दिसलं होतं आणि त्याने पाहिलं नव्हतं.

"अभय, माझ्याकडे बघ," तो म्हणाला. "माझ्या नाकाकडे. नजर हलवायची नाही."

"आता हे काय?"

"बघ रे."

दोघे समोरासमोर उभे राहिले. निशिकांतने आपला उजवा हात बाजूला, खांद्याच्या उंचीवर, लांब धरला. अभयच्या डाव्या अंगाला.

"किती बोटं आहेत?"

"कुठली बोटं?"

निशिकांतने हात हळूहळू आत आणायला सुरुवात केली. अभय त्याच्या नाकाकडे पाहत होता, त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, हा काय पोरखेळ लावलाय अशा. हात खांद्यापाशी आला, कानापाशी आला, गालापाशी आला. तो नाकाला लागणार एवढ्यात अभयच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"दोन," तो म्हणाला. आणि लगेच, "कुठून काढलास हात?"

निशिकांतने दुसरा हात दुसऱ्या बाजूला लांब धरला. तो अभयला पहिल्याच क्षणी दिसला. अभय आयुष्यभर यंत्रं उघडत आलेला माणूस होता. त्याने आपल्याच तळव्याने एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. दोन्ही वेळा डावी बाजू गायबच होती, म्हणजे बिघाड डोळ्यांत नव्हता, त्यांच्या मागे डोक्यात होता; त्याने डोकं डावीकडे वळवलं आणि परत समोर आणलं. निशिकांतचा उजवा हात त्याने आपल्या हातात धरून स्वतःच बाहेर नेला, आत आणला, पुन्हा बाहेर नेला. मग हात सोडून तो खाली बसला, घामेजल्या भिंतीला पाठ लावून. निशिकांतही त्याच्या शेजारी बसला.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

आधीपासून होतं, असं सांगता आलं असतं तर निशिकांतने काय वाटेल ते दिलं असतं.

"आत्ता कळलं," तो म्हणाला. "मला वाटत होतं तू लबाडी करतोयस. गटिंगसुद्धा मी नवीन केलेलं नाही. तुला पकडायचं होतं."

अभयने मान हलवली. तो हसल्यासारखाही दिसला.

"मी विनीताला सांगितलं होतं, निशी बदलला. म्हटलं, हा आता आपला राहिला नाही."

वर पत्र्यावर कुठूनतरी एसीचं पाणी ठिबकत होतं. निशिकांत म्हणाला की आधी हॉस्पिटल, आत्ता लगेच, टॅक्सीने, बाकीचं नंतर. कदाचित काहीच नसेल, औषधाने जाईल. अभयने ते ऐकलं आणि त्यातलं खरं तेवढंच ठेवून बाकीचं सोडून दिलं, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. इंजिनरूममध्ये डावीकडे काय काय असतं ते तो सांगू लागला. फिरते शाफ्ट, वाफेचे पाइप, आणि रात्रपाळीला त्याच्या शब्दावर विसंबून हात घालणारी माणसं. सांगता सांगता तो थांबला. खिशातून फोन काढून त्याने तो निशिकांतच्या मांडीवर ठेवला.

"विनीताला मी सांगतो," तो म्हणाला. "कंपनीला तू कर फोन. 'येत नाही' हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

निशिकांत त्याच्या डाव्या हाताला बसला होता. तो उठला, वळसा घालून अभयच्या उजव्या बाजूला जाऊन बसला, आणि मग त्याने विचारलं, नंबर कोणत्या नावाने आहे.